विरजण

ऑपरेशनआधी नर्स सरांची दाढी काढणार, तेवढ्यात त्यांची विद्यार्थिनी काचेची बशी घेऊन धावत आली.

"थांबा! प्रयोगशाळेत आमच्या प्रथिनाचे स्फटिक सर त्याच्या थेंबावर वाकले तरच धरतात. दाढीत जुन्या स्फटिकांची धूळ अडकलीय, तेच आमचं विरजण. काकू, एकच मिनिट!"

सरांच्या बायकोचा पारा चढला. "इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि तुला दाढीचं पडलंय?"

"झटक गं लवकर," सर पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सरांनी डोळे उघडले. उशाशी बायको जागीच होती. कसं वाटतंय, हे विचारायचंही विसरून ती म्हणाली, "अहो, आले! चार आलेत, चांगले टोकदार. रात्रभर त्या पोरीला फोन करकरून भंडावून सोडलं मी."