पडद्याआडची आणि वरची

भाऊसाहेबांच्या प्रचाराच्या टेम्पोवर चार भोंगे होते, एक ढोलकीवाला होता आणि बंद माईक धरून ओठ हलवणारी एक गोरी मुलगी होती. प्रत्येक गल्लीतली नावं कडव्यात ओवायची असत, म्हणून तक्षशीला ड्रायव्हरशेजारी पडद्याआड बसून खरंखुरं गात होती.

बौद्धवस्ती आली तसा प्रचारप्रमुख धावत आला. "ताई, आता तुम्ही वर या. इथं तुमचाच चेहरा हवा."

"आणि उद्या बाजारपेठेत?"

"उद्या परत आत. वर ऊन फार लागतं हो."

तक्षशीला चालू माईक घेऊन वर चढली. ढोलकी वाजू लागली. तिनं नुसतेच ओठ हलवले.

"ताई, गा की!" प्रचारप्रमुख खालून ओरडला.

"गाते ती आतली. वरचीनं ओठ हलवायचे, असंच ठरलंय ना?" ती माईकमध्ये म्हणाली.

वस्ती हसत सुटली.

निकालात वस्तीच्या मतदान केंद्रावर सातशे बारा मतांपैकी भाऊसाहेबांना अकरा मिळाली.