कमळचा जबाब

"घ्या अंगठा," मॅजिस्ट्रेट म्हणाले. कारकुनाने शाईचा पॅड आरोपीच्या कठड्यातल्या कमळपुढे सरकवला.

सरकारी वकील भालचंद्र चौबळ उभे राहिले. "साहेब, आधी जबाब बाईंना वाचून दाखवावा."

कारकून त्यांच्याकडे पाहतच राहिला. अलिबागच्या या कोर्टात चौबळ पंधरा वर्षं सरकारची बाजू मांडत आले होते. असं त्यांनी कधी मागितलं नव्हतं. मध्ये दोन वर्षं ते आफ्रिकेत, टांगानिकात होते, तिथल्या मळ्यांवरच्या मजुरांचे खटले विनावेतन चालवायला. परतून महिना झाला तरी खुर्चीत बसवत नव्हतं. आजही सुनावणी चालू असताना ते दोनदा व्हरांड्यात फेऱ्या मारून आले होते. तिकडची भाषा त्यांना येत नव्हती, म्हणून प्रत्येक जबाब दुभाष्याकडून तीन तीनदा वाचून घ्यावा लागे. इथे भाषा आपलीच. गरज कधी वाटलीच नव्हती.

"चौबळ, हिने खाडीवरचा सरकारी बांध फोडला हे तुमचंच म्हणणं ना?"

"हो साहेब. पण तिचं म्हणणं तिला ऐकवू. कायद्यातही तसंच आहे."

कारकून भराभर वाचू लागला. "उधाणाच्या दिवशी मी बांधावर उभी राहून बांध फोडला..."

"नाय!" कमळने कठडा घट्ट धरला. "मी उभी व्हते न बांद फुटला, असं सांगितलं मी. माती टाकत व्हते मी तिथं! माझंच भात गेलं त्या खाऱ्या पान्यात!"

"तेच की," कारकून पुटपुटला.

मॅजिस्ट्रेटांनी कागद मागवून घेतला. चौबळांनी आपली फाइल पुन्हा चाळली. साक्षीदार एकच होता, आणि त्यानेही कमळला बांधावर नुसती उभी असलेली पाहिली होती. हे त्यांनी सकाळीही वाचलं होतं. त्यांनी खटला काढून घ्यायची परवानगी मागितली.

दुपारी ते बाहेर आले तेव्हा सुटलेली कमळ पायरीशी थांबली होती. तिने वाकून नमस्कार केला. ते पुढे निघाले, तशी ती म्हणाली, "वकीलसायेब, येक सांगू?"

"बोला."

"माझा दादला, काळूराम. पाच वर्सामागं ह्याच कोर्टात उभा व्हता. त्याच्यावर बी बांदच फोडल्याचा आळ. सात महिने आत ठेवला. आला तो खोकतच आला, न त्याच खोकल्यात गेला." तिने पदराने तोंड पुसलं. "मी बाळंतीण व्हते, मला येता आलं नाय. त्याचा कागद त्याला कुनी वाचून दाखवला नाय."

चौबळ काळूरामचा चेहरा आठवू लागले. बांधांचे खटले कितीतरी आठवले. चेहरा एकही आठवेना.

"आत सगळी बोलत व्हती, तुमी लांब परमुलखात गेलेलात," कमळ म्हणाली. "तवाच गेलेले असाल. तुमी असतात तर वाचला असता."

नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ती तेवढ्यावर समाधानाने घरी गेली असती.

"नाही बाई," चौबळ म्हणाले. "तेव्हा मी इथंच होतो."