परत न करायचे डबे

“रिकामा वाडगा परत द्यायचा नाही हं, सत्तोर. पाहुण्याला उपाशी घरी धाडल्यासारखं होतं ते.”

आई जाऊन जमाना झाला होता. पण समोरच्या मुहय्योओपाचा निळा वाडगा घरात आला, की तिचा आवाज सत्तोरच्या कानाशी हमखास बोलायचा. आज वाडगा नव्हता. आज ओट्यावर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डब्यांची उतरंड होती, लख्ख घासलेली. आणि सत्तोर तिच्यापुढे डोकं खाजवत उभा होता.

वाडग्याचं बरं होतं. मार्गिलान शहरातल्या त्या गल्लीत ही दोन दारं समोरासमोर, मधून पाण्याचा पाट. पलीकडे विधवा मुहय्यो. अलीकडे सत्तोर, शिलाईमशीन दुरुस्त करणारा, बायको गेल्यापासून एकटा. तिकडून भोपळ्याचं सारण भरून उकडलेल्या मंती यायच्या, इकडून तुती जायच्या. तिकडून पुलाव, इकडून जर्दाळू. हिवाळ्यात अंगणातलं झाड काही देईना, तेव्हा निव्वळ वाडग्यापायी सत्तोर रांधायला शिकला. पहिलंच सूप खारट झालं.

“काय अका, मिठाची खाण लागली का घरात?” मुहय्यो दारातच हसली होती. गल्लीच्या रीतीप्रमाणे ती त्याला अका, म्हणजे दादा म्हणायची, आणि तो तिला ओपा, म्हणजे ताई.

त्या हसण्यावर त्याने उरलेली थंडी काढली. एक दार, एक वाडगा, दोन शब्द. बाकी दिवसभर मशीनशीच बोलायचं.

उन्हाळा सरता सरता ताश्कंदहून मुहय्योची सून आली, झेबो. वाडगा यायचा थांबला. डबे यायला लागले.

“अमाकी, परत द्यायची कटकटच नाही! खा आणि द्या फेकून!” असं या अमाकीला, म्हणजे काकाला, सांगत झेबो पाटावरून उडी मारून पळायची.

फेकून? वसंतात सगळ्या मोहल्ल्याने मिळून पाट उपसला, तेव्हा गाळातून असलेच डबे निघाले होते, टोपल्याच्या टोपल्या. पँट दुमडून सत्तोरच आत उतरला होता. आता स्वतःच्या हाताने डबा फेकणं त्याच्याच्याने होईना. एकात त्याने खिळे ठेवले, एकात कोथिंबीर पेरली. बाकीचे घासून, उन्हात वाळवून रचत गेला. उतरंड वाढत गेली. आणि परत द्यायचं काही नाही, म्हणून पलीकडे जायचं कारणही उरलं नाही. साठी उलटलेला माणूस बाईमाणसाच्या दारात उगाचच कसा जाऊन उभा राहणार? डबे भरभरून येत होते आणि सत्तोर आतल्या आत वाळत चालला होता.

शेवटी नाक्यावरच्या एर्गशने हटकलं. एर्गश नान भाजायचा आणि गिऱ्हाइकालाही भाजून काढायचा.

“काय रे, तोंड शिळ्या नानसारखं का झालंय?”

“डबे साठलेत.”

“मग दे की परत!”

“ते परत द्यायचे नसतात.”

“कोण म्हणतो? हाकिमाने फर्मान काढलंय का?” एर्गशने गरम नान त्याच्या हातावर आपटलं. “जा रे बाबा, माझा तंदूर विझायला लागला तुझ्या तोंडाकडे बघून!”

म्हणून आज हा घाट. द्यायचे खरे, पण एवढे भरायचे कशाने? काहींत बिहीची फळं बसली. काहींत अक्रोड, काहींत द्राक्षांचे शेवटचे घोस. एकात वाळवलेला पुदिना. घरातलं संपलं तरी डबे संपेनात. एकात त्याने चांगल्यातल्या सुया घातल्या, एकात रंगीत रिळं. अगदी शेवटच्या डब्यात काय घालावं ते सुचेना, तेव्हा परसात जाऊन रायहानचे, त्या घमघमत्या जांभळ्या तुळशीचे, तुरे खुडून आणले. सगळं घर त्या वासाने भरलं.

हाकेच्या अंतरावर जायला त्याने सायकल काढली. हँडलला डबे, कॅरिअरला डबे. पाटावरच्या फळीवरून ती ढकलताना जत्रेला निघाल्यासारखा खुळखुळाट झाला. दार झेबोने उघडलं.

“अगंबाई! अमाकी, दुकान थाटलंत की काय? हे फेकायचे होते ना!”

“फेकले की पाटात येतात, पोरी. आणि पाट मलाच उपसावा लागतो.”

“मी आईंना तेव्हाच म्हटलं होतं, की…” झेबोने पटकन जीभ चावली आणि चहाचं आधण बघायला आत पळाली.

मुहय्यो बाहेर आली. हाताला पीठ, डोक्याचा रुमाल सरकलेला. ती एकेक झाकण उघडत गेली. पुदिना हुंगला. एक सुई उजेडाकडे धरून तिचं नेढं पाहिलं. रायहानच्या डब्याशी मात्र थांबली, ती थांबलीच.

पाठ करून आणलेलं सगळं सत्तोर विसरला.

“सुनेला बोलू नका, ओपा,” तो घाईघाईने म्हणाला. “नव्या जमान्याची पोर आहे. पण वाडगाच बरा होता. या डब्यांनी म्हणजे… प्लॅस्टिक फार होतं.”

“तिला कशाला बोलू? तीच माझ्यावर चिडलीय महिनाभर.”

मुहय्योने रायहानचा एक तुरा उचलून कानामागे खोचला. पिठाचं बोट गालाला लागलं, त्याचंही तिला भान नव्हतं.

“डबे मीच मागवले होते, अका. भांडं परत करायचं नसलं, तरी तुम्ही या दारात येता का, ते मला बघायचं होतं.”