श्लोकाखालचा निरोप

मोबाइलवर चाळीस जणींनी जोडलेले हात पाठवले होते. देवळाच्या सभागृहात मात्र मी आणि पेटीवाल्या कुमुदताई, दोघीच. पुढच्या बुधवारीही भजनाला कोणी आलं नाही, तर विश्वस्त सभागृह योगवर्गाला देणार होते.

"अहो, भजनाची वेळ तुम्ही श्लोकाखाली लिहिलीत," कुमुदताई टाळांची पिशवी बांधत म्हणाल्या. "तुमचा श्लोक रोज येतो. न वाचताच हात जोडतो आम्ही!"

पहाटे स्नान, पूजा, मग सगळ्यांना एक श्लोक, हा माझा सात वर्षांचा नेम. पुढच्या बुधवारी पूजा केली, पण मोबाइल उचलवेना. जे कुणी वाचतच नाही, ते पाठवून पाठवून मी दमले होते. नेम मोडला.

नऊ वाजता फोन वाजला. "काकू, आज श्लोक नाही आला! बऱ्या आहात ना?" मग दुसरीचा, मग तिसरीचा. दुपारपर्यंत सतरा जणींचे.

"बरी आहे गं," मी प्रत्येकीला सांगितलं. "पाच वाजता भजन आहे. येतेस ना?"

पाच वाजता दारातल्या चपला बघून कुमुदताई कुरकुरल्या, "अहो, दुसरी सतरंजी कुठे ठेवलीय?"