दोन नंबरची शेड

"दोन नंबरच्या शेडखालची माती स्वच्छ निघाली आहे," माती तपासणाऱ्या मॅडमनी माइकवरून सांगितलं आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात वाजवत होती अण्णांची लेक. वाजवणारच की! बंद पडलेल्या बॅटरी कारखान्याच्या जागेवर घरं बांधायची की नाही, त्याची ही शेवटची सुनावणी. होकार मिळाला तर पहिल्याच इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर तिचं घर. सात वर्षं एका खोलीत काढली होती बिचारीनं. मांडीवरच्या चिमुरडीला थोपटता थोपटता पडद्यांचा रंगसुद्धा ठरवून झाला होता.

अण्णांनाही स्वतःचं कौतुक वाटत होतं. शिसं वितळवायची भट्टी कुठं होती, हे मॅडमना त्यांनीच तर सांगितलं होतं. शेडचा एक नकाशा सोडला तर कंपनीचे कागद गेले, शेड पाडल्या, भट्टीवरचे सोबतीही एकेक करून गेले. राहिले एकटे अण्णा. मॅडम घरी आल्या तेव्हा गुडघा धरला होता, म्हणून त्यांनी अंथरुणावरूनच सांगून टाकलं, "दोन नंबरला, बाई. डोळे झाकून खणा." शिशाचं विष मुरलं असेल तर तिथंच, म्हणून मॅडमनी तिथं खोल खणलं. बाकी ठिकाणी वरवर.

आता मॅडमनी भिंतीवर नकाशा दाखवला. एका ओळीत सहा चौकोन, दोन नंबरवर लाल ठिपका. अण्णांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं.

ठिपका मोठ्या फाटकापाशी होता! मोठ्या फाटकानं यायचे साहेब लोक. ऑफिसातले नंबर तिथून सुरू व्हायचे. कामगार यायचे मागच्या फाटकानं आणि त्यांची एक नंबरची शेड तिकडून. अण्णांनी जन्मभर तसंच मोजलं. म्हणजे त्यांचं दोन ते नकाशातलं पाच. ठिपक्याखाली तर रिकामी खोकी ठेवायचे. तिथली माती स्वच्छच निघणार!

गप्प बसावं का? कोण विचारायला येणार आहे? लेकीचा चेहरा किती दिवसांनी असा फुलला होता. तेवढ्यात मांडीवरून उतरलेल्या चिमुरडीनं खुर्चीखालून काहीतरी उचलून तोंडात घातलं. लेकीनं घाईघाईनं बोट घालून ते काढलं. अण्णा गुडघ्यावर हात रोवून उठले.

"साहेब, माझं चुकलं," ते म्हणाले आणि होतं ते सगळं सांगून टाकलं.

एकच गलका झाला. "आत्ता बरं आठवलं!" "म्हाताऱ्याला खाली बसवा रे कुणीतरी!"

"काही पुरावा?" सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी विचारलं. "एखादा कागद?"

"कागद नाही, साहेब. नळ होता. मागच्या फाटकानं आलं की भट्टीच्या अलीकडे वीस पावलांवर. आमच्या मुकादमाचा नियम होता, नळापासून आत, भट्टीकडे, डबा न्यायचा नाही आणि नळाच्या बाहेर भट्टीचे कपडे आणायचे नाहीत. कोपरापर्यंत हात धुवायचे, मगच घास. लोक त्याची थट्टा करायचे. मी ऐकलं, म्हणून आज तुमच्यापुढे उभा आहे. फार मोठे उपकार आहेत त्या माणसाचे. पण तो नळही आता राहिला नाही. माझ्या शब्दापलीकडे माझ्याजवळ काही नाही."

मॅडमनी माइक घेतला. "चूक माझी आहे, आजोबा. मी नंबर विचारला, पण कुठून मोजायचा ते विचारलंच नाही. तुम्ही उठून बोललात, आभारी आहे मी तुमची."

लोकांची कुजबुज काही थांबेना. अण्णांना लेकीकडे पाहायचा धीर होईना.

"ताई, तुम्ही तरी समजवा की वडलांना," मागून कुणीतरी म्हणालं. "तुमचंही घर जाईल अशानं."

लेक उठली.

"शाळा सुटली की मी अण्णांना डबा द्यायला जायचे," ती म्हणाली. "मागच्या फाटकानं. मला नळाच्या पुढे पाऊल टाकू द्यायचे नाहीत. एकदा पळत आत गेले, तर सगळ्यांसमोर धपाटा घातला. कितीतरी दिवस बोलले नव्हते मी यांच्याशी." ती अण्णांकडे वळली. "तेव्हाचा राग आज गेला, अण्णा. पडद्यांची काही घाई नाही."

अण्णांनी मान हलवली.

"साहेब, मागच्या फाटकाचे दगडी खांब अजून उभे आहेत," लेक म्हणाली. "तिथून नळापर्यंतची वाट मला पाठ आहे. तिथवर मी नेते. पुढचं अण्णा दाखवतील."

मग तिनं चिमुरडीला कडेवर सावरून घेतलं.

"आणि ही नळाच्या बाहेरच थांबेल."