चाकांवरच्या घरातलं दूध

श्रीरंगरावांनी कडी घट्ट केली, बिजागरीला तेल घातलं, तरी नव्याकोऱ्या कॅराव्हॅनचं दार आपसूक उघडतच राहिलं. बेसिनमधलं पाणीही एका कोपऱ्यात तुंबून बसलं. एवढं देखणं चाकांवरचं घर जीपमागे ओढत गुहागरच्या सुरूबनात आणलं आणि पहिल्याच मुक्कामी ही फजिती! वसुधाताईंनी निघतानाच नवऱ्याला बजावलं होतं, "एक रात्र राहीन. मग मी एसटीने घरी."

आत्ता मात्र त्या शांतपणे शेगडीपाशी उभ्या होत्या. नव्या घरात दूध उतू घालायलाच हवं, मग त्या घराला चाकं का असेनात. दूध फेसाळून वर आलं आणि पातेल्याच्या एकाच बाजूने ओघळलं.

"अहो, दाराचं सोडा. आपलं घरच डावीकडे कललंय."

श्रीरंगरावांनी वाकून पातेलं पाहिलं. मग त्यांनी कॅराव्हॅनच्या डाव्या चाकापुढे फळी टाकली आणि जीप हळूच पुढे घेतली. दार जागच्या जागी थांबलं, बेसिनमधलं पाणी झरकन उतरलं.

"वसुधा, कमाल आहे हं तुझी!"

वसुधाताई सांडलेलं दूध पुसत म्हणाल्या, "उद्या निघताना ती फळी आठवणीने उचला. पुढच्या मुक्कामी लागेल."