अदृश्य भैरूची पुरणपोळी

मंत्र संपला, अंगारा उडाला आणि भैरू खांबाशी जसाच्या तसा उभा. आज अदृश्य होता आलं नाही, तर मांत्रिकबाबा त्याला घरी पाठवणार होते.

"अरे, भैरू गेला कुठं?" सगळे शिष्य एकदम ओरडले. दोस्ताला वाचवायलाच हवं होतं.

बाबांनी डोळे बारीक केले. "खरंच दिसत नाही? मग त्याच्या वाटची पुरणपोळी तुम्हीच खा."

पोरांनी पहिला घास लाजत खाल्ला. पुढचे मात्र मिटक्या मारत. भैरूनं आवंढा गिळला, पण हूं की चूं केलं नाही.

बाबा चाट पडले. "पुरणपोळी चाललीय आणि भैरू गप्प? म्हणजे तो इथं नाहीच. पास!"

भैरू उड्या मारत पंगतीत बसला.

"इथं कुणी नाही," म्हणत वाढणारा दोस्त तूप घेऊन पुढं सरकला.